एकाहत्तर तास, चार भिंती

भिवंडीहून कल्याणकडे निघालं की कोनगाव मागे पडतं, खाडीवरचा पूल लागतो आणि समोर दुर्गाडी किल्ल्याचा उंचवटा येतो. २ जुलै २०१९ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, त्या किल्ल्याजवळच्या एका शाळेची भिंत लगतच्या घरांवर पडली. त्या पावसातली ही तिसरी भिंत. पहिली साधारण ७१ तास आधी कोंढव्यात पडली होती, दुसरी आंबेगावात. चौथी मालाडच्या डोंगरावर, तिसरीच्या आगेमागेच.

चारही ठिकाणी मिळून ५५ माणसं गेली. बातम्यांमध्ये चारही भिंतींचं नाव एकच होतं: कंपाउंड वॉल. म्हणजे कुंपणाची भिंत.

१९९७

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या झोपड्या हलवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं दिला. १९९५ पूर्वीचा पुरावा असलेल्या कुटुंबांनी सात हजार रुपये भरायचे आणि दुसरीकडे घर घ्यायचं, असं ठरलं. हजारो कुटुंबं चांदिवलीला गेली. मालाड पूर्वेला, कुरारच्या उतारावर, पिंपरीपाडा आणि आंबेडकरनगरात बरीच कुटुंबं राहिली. पैसे भरून घराची वाट पाहणारे त्यांच्यात होते.

२०१७ च्या सुमारास

कुरारच्या वरच्या अंगाला मुंबई महापालिकेचा मालाड टेकडी जलाशय आहे. त्याभोवती नवी भिंत उभी राहिली. लांबी सुमारे २.३ किलोमीटर, खर्च सुमारे २१ कोटी रुपये. आवारात कोणी शिरू नये, अतिक्रमण होऊ नये, हे तिचं काम.

उद्यानाच्या डोंगरावरचं पावसाचं पाणी याच उतारानं खाली येतं. आता त्याच्या वाटेत भिंत होती. भिंतीच्या वर डोंगर, भिंतीच्या खाली पत्र्याची आणि विटांची घरं.

कोणताही मे महिना

ठाणे-पुण्याकडचा मुरूम कोरडा असला की फसवतो. पोकलेननं दहा-बारा फुटांचा उभा काप घेतला तरी तो सरळ उभा राहतो. बकेटच्या दातांचे चरे कित्येक आठवडे तसेच दिसतात. मुकादम त्यावर हात मारून दाखवतो, दगडासारखा आहे म्हणतो. कणांमधली किंचित ओल त्यांना एकमेकांशी धरून ठेवते. पावसाचं पाणी आत मुरलं की हीच पकड जाते.

कापाच्या काठावर शेजाऱ्याची कुंपणाची भिंत असेल तर त्या दिवसापासून तिचं काम बदलतं. बांधताना तिला स्वतःचं वजन आणि वारा एवढंच सोसायचं होतं. आता तिच्या एका बाजूला पार्किंग आणि गाड्या, दुसऱ्या बाजूला खड्डा. ती माती अडवू लागते. नकाशावर मात्र तिचं नाव तेच राहतं.

भिवंडीकडे हेच काम उलट्या बाजूनं होतं. इथे खणण्यापेक्षा भरणं जास्त. माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात गोदामासाठी भातखाचरात मुरमाचे डंपर रिकामे होतात, रोलर फिरतो, प्लॉट रस्त्याच्या पातळीला येतो आणि कडेनं ब्लॉकची भिंत चढते. भराव सहा फुटांचा असेल तर ती भिंतही सहा फूट माती अडवते. तिलाही कंपाउंडच म्हणतात.

माती अडवणाऱ्या भिंतीला आणखी एक गोष्ट लागते: पाणी बाहेर पडायची वाट. भिंतीत ठरावीक अंतरावर पाइपाचे तुकडे बसवतात. साइटवर त्यांना वीप होल म्हणतात. त्यांच्या मागे खडी आणि जाळीचा थर हवा, नाहीतर मातीनं भोकं बुजतात. मागे ३ मीटर पाणी साठलं तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे साडेचार टन जोर येतो. पाण्याची उंची दुप्पट झाली तर जोर चौपट होतो.

भोकांकडे पावसात पाहायचं असतं. स्वच्छ पाणी येत असेल तर ठीक. गढूळ येत असेल तर मागची माती वाहून चालली आहे. मुसळधार पावसातही भोक कोरडं असेल तर सगळं पाणी मागेच आहे.

२५ जून २०१९, मंगळवार

मुंबईत मॉन्सून दाखल झाल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. नेहमीच्या तारखेपेक्षा दोन आठवडे उशीर झाला होता. जून जवळजवळ कोरडा गेला होता. ज्या साइटवर खोदाई ७ जूनला थांबली असती, तिथे यंत्रांना आणखी दिवस मिळाले.

२८ जून, शुक्रवार, सकाळी ८.३० — कल्याणच्या भिंतीला ८८ तास उरले

पावसाची मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशी होते. या मोजणीत पुण्यात सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस पडणार होता, सांताक्रूझला २३० मिलिमीटरहून अधिक. कोरड्या जमिनीवरचा हा पहिलाच मोठा पाऊस.

पुण्यात कोंढवा बुद्रुकला तालाब मशिदीजवळ एका गृहसंकुलाच्या लगत नव्या इमारतीचं काम चालू होतं. संकुलाची जमीन वर, साइटची खाली, मध्ये भिंत. भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्या. त्यांत बिहारमधून आलेले मजूर बायकामुलांसह राहत होते. भिंतीच्या वरच्या अंगाला रहिवाशांच्या गाड्या लावलेल्या.

पायथ्याची जागा मजुरांच्या खोल्यांसाठी सोयीची असते. तिथे बांधकाम येत नाही, डंपर वळत नाही आणि एक बाजू आयती मिळते. तीन बाजूंना पत्रा लावला की खोली तयार.

२८ जून, संध्याकाळी ६.०० — साडेअठ्ठ्याहत्तर तास

पाऊस चालू होता. पावसात काम बंद ठेवतात, माणसं खोलीत येतात. दुपारी रिकाम्या असणाऱ्या पत्र्याच्या खोल्या अशा दिवशी संध्याकाळपासूनच भरतात.

२९ जून, शनिवार, रात्री १.४५ — ७१ तास

कोंढव्याची भिंत पडली. पाठोपाठ माती आली, आणि काठावरच्या गाड्या खाली खोल्यांवर आल्या.

१५ जण मरण पावले. त्यांत चार मुलं होती.

२९ जून, पहाट — ६७ तास

अग्निशमन दल आणि एनडीआरएफचे जवान ढिगारा उपसत होते. पावसानं ढिगाऱ्याचा चिखल झाला होता. मुरमात पत्रे, पत्र्यांखाली भांडी आणि पांघरुणं. वरच्या बाजूला इमारत शाबूत होती.

२९ जून, सकाळी ८.३० — ६४ तास

पुण्याचे जिल्हाधिकारी नवल किशोर राम घटनास्थळी होते. भिंत पावसामुळे पडली आणि बांधकाम करणाऱ्यांचा निष्काळजीपणा सकृद्दर्शनी दिसतो, असं त्यांनी माध्यमांना सांगितलं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी चौकशीचा आदेश दिला. दिवसभरात बांधकाम व्यावसायिकांवर गुन्हा दाखल झाला. नव्या साइटचं काम थांबवण्यात आलं.

त्या सकाळी चौकशी पडलेल्या भिंतीची होती. उभ्या असलेल्या भिंती तिच्या कक्षेत नव्हत्या.

२९ जून, दुपारी १२.०० — साडेसाठ तास

मजूर भिंतीला लागून का राहत होते, हा प्रश्न दुपारपर्यंत विचारला जाऊ लागला. बांधकाम मजुरांसाठी तेव्हा १९९६ चा केंद्रीय कायदा होता. त्याच्या कलम ३४ प्रमाणे काम चालू असेपर्यंत मजुरांना मोफत तात्पुरती घरं देणं मालकाची जबाबदारी होती. ही घरं कामाच्या जागेतच किंवा शक्य तितकी जवळ असावीत, असं कलम सांगत होतं. स्वयंपाकाची जागा, न्हाणीघर, संडास यांचाही उल्लेख त्यात होता. भिंतीपासून किंवा खड्ड्याच्या काठापासून ती किती लांब हवीत, याबद्दल ते कलम काही म्हणत नव्हतं.

खोल्या जवळ होत्या.

३० जून, रविवार, दुपारी १२.०० — साडेछत्तीस तास

कार्यालयांना सुटी.

कागदावर त्या रविवारीही बरंच काही होतं. खोदाईच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ३७६४ होतं: मातीतला चर दीड मीटरहून खोल असेल तर कडांना आधार द्यावा, खणलेली माती काठापासून किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यांतलं जे जास्त असेल तेवढं अंतर सोडून टाकावी. २००६ ची पर्यावरण अधिसूचना होती: २० हजार चौरस मीटरवरच्या बांधकामाला आधी मंजुरी हवी, आणि त्या मंजुरीच्या अटींत वरच्या थरातली सुपीक माती वेगळी राखणं, उपसलेल्या मातीची विल्हेवाट लावणं येतं. विकास नियमावलीत डोंगरउताराची मर्यादा होती: १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नाही. १:५ म्हणजे पाच मीटर चाललं की एक मीटर चढ.

ही सगळी कागदपत्रं इमारतीची, खड्ड्याची आणि डोंगराची होती. दोन जमिनींच्या मधल्या भिंतीचा प्रश्न कागदावर बहुतेक एका रेघेत संपतो. वरच्या संकुलाच्या नकाशात ती हद्दीची रेघ असते, खालच्या साइटच्या नकाशातही हद्दीचीच रेघ.

१ जुलै, सोमवार, पहाट — २० तास

बोरघाटात जांब्रुंगजवळ मालगाडीचे डबे घसरले. मुंबई-पुणे गाड्या रद्द होऊ लागल्या. सकाळी मुंबईच्या लोकल रखडल्या. आठवड्याचा पहिला दिवस, कार्यालयं उघडी, माणसं फलाटांवर.

१ जुलै, सकाळी ८.३० — १६ तास

सांताक्रूझ वेधशाळेनं आदल्या २४ तासांचा पाऊस नोंदवला, मापक रिकामं केलं आणि नवी मोजणी सुरू झाली. ही मोजणी ३७५.२ मिलिमीटरवर थांबणार होती. २६ जुलै २००५ च्या ९४४ मिलिमीटरनंतर चोवीस तासांत एवढा पाऊस तिथे जुलैत झाला नव्हता.

३७५.२ मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर जवळजवळ ३८ हजार लिटर पाणी. एकरावर १५ लाख लिटर. दहा हजार लिटरचे दीडशे टँकर. जमीन आधीच भिजलेली असेल तर यातलं फारच थोडं मुरतं. बाकीचं उतार शोधतं.

१ जुलै, संध्याकाळी ६.०० — साडेसहा तास

शाळा सुटल्या, दुकानं उघडी होती. कल्याणला खाडीच्या काठी पाऊस लागून राहिला होता. कुरारच्या वर डोंगरावरून येणारं पाणी भिंतीच्या वरच्या अंगाला पोहोचत होतं. दुसऱ्या अंगाच्या गल्ल्यांतून ते पाणी दिसत नव्हतं. भिंत बांधली होती ती पलीकडे कोणी जाऊ नये म्हणून.

१ जुलै, रात्री ११ नंतर — दीड तास

पुण्यात आंबेगाव बुद्रुकला एका शैक्षणिक संकुलाची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली. सहा जण गेले. कोंढव्यापासून ही जागा काही किलोमीटरवर आहे. कोंढव्याला तीन दिवस होत आले होते.

इथेही पत्र्याच्या खोल्या होत्या, आणि एक बाजू आयती घेतलेली होती.

१ जुलै, रात्री ११.५१ — ३९ मिनिटं

जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं विमान मुंबईत उतरताना मुख्य धावपट्टीच्या पुढे गेलं आणि चिखलात रुतलं. प्रवासी सुखरूप होते. मुख्य धावपट्टी बंद झाली. त्या तासाला शहरातली पहिली मोठी बातमी ही होती, आणि वाहिन्यांच्या पट्ट्यांवर ती आली.

कुरारमध्ये बहुतेक दिवे बंद झाले होते.

२ जुलै, मंगळवार, रात्री १२.३० च्या सुमारास

कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ नॅशनल उर्दू हायस्कूलची भिंत शेजारच्या घरांवर पडली. तीन जण गेले. त्यांत तीन वर्षांचं एक मूल होतं.

मालाडला जलाशयाच्या भिंतीमागे तुंबलेल्या पाण्यानं भिंत ढकलली. भिंत, दगड, चिखल आणि पाणी एकदमच पिंपरीपाड्याच्या आणि आंबेडकरनगरच्या घरांतून खाली गेलं.

२ जुलै, रात्री १.०० नंतर

कुरारच्या गल्ल्या एक माणूस जेमतेम चालेल एवढ्या. जेसीबी वर चढेना. हातांनी, फावड्यांनी, घमेल्यांनी काम सुरू झालं. जखमींना चादरीत घालून खाली आणत होते, खालून रिक्षा, मग रुग्णवाहिका. सत्तरहून अधिक जखमी कांदिवली, जोगेश्वरी आणि विलेपार्ल्याच्या रुग्णालयांत गेले.

ढिगाऱ्याखालून एका मुलीचा आवाज येत होता. ती पाणी मागत होती. जवान तिच्याशी बोलत राहिले.

२ जुलै, पहाट

राज्य सरकारनं मुंबईला सुटी जाहीर केली. लोकांनी गरज नसताना घराबाहेर पडू नये, असं सांगण्यात आलं.

२ जुलै, सकाळी ८.३०

सांताक्रूझला मापक रिकामं करण्यात आलं. ३७५.२.

२ जुलै, दुपार

मुलीला बाहेर काढलं तेव्हा ती जिवंत नव्हती.

मालाडच्या मृतांची संख्या त्या दिवशी विसाच्या आसपास होती. पुढे रुग्णालयांतून आणि ढिगाऱ्यातून ती ३१ वर गेली.

त्यानंतर

मालाडच्या भिंतीची तपासणी महापालिकेनं माटुंग्याच्या व्हीजेटीआयकडे सोपवली. पाणी बाहेर पडायची सोय अपुरी असल्याचा मुद्दा तपासात पुढे आला. कोंढव्याच्या भिंतीसाठी पुण्याच्या सीओईपीची मदत घेण्यात आली. दोन्ही संस्थांत अभियांत्रिकीची मुलं भिंतीवरचा मातीचा आणि पाण्याचा दाब काढायला शिकतात. माती अडवणाऱ्या भिंतीला संरक्षक भिंत म्हणतात आणि ती कुंपणाच्या भिंतीपेक्षा वेगळी असते, हे त्यांना सुरुवातीच्या वर्षांतच सांगितलेलं असतं.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतांश भागासाठी एकत्रित विकास नियमावली लागू झाली. १:५ चा उतार तीतही आहे.

कोणताही जून, भिवंडी

दुर्गाडी पुलाच्या अलीकडे भराव चालू असतो. पाऊस लागायच्या आत प्लॉट पातळीला आणायची घाई असते, कारण पावसात डंपर रुततात. शेवटच्या आठवड्यात मुरूम कडेपर्यंत येतो. ब्लॉकची भिंत भरावाच्या आधी उभी असेल तर मुरूम तिला टेकतो. नंतर बांधली तर तिचा पाया त्या नव्या मुरमातच खणला जातो. रोलर कडेच्या तीन-चार फुटांत नीट फिरत नाही, कारण ड्रायव्हरला भिंतीजवळ जायची भीती वाटते. सगळ्या प्लॉटमध्ये सगळ्यात सैल माती तिथेच राहते.

भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे सावली मिळते, तिथे हमालांच्या आणि मजुरांच्या खोल्या उठतात. पत्रा तीन बाजूंनाच लागतो.

भिंतीला पोट आलंय का, हे त्या खोलीत बसून कळत नाही. आतून ती सपाटच दिसते. त्यासाठी भिंतीच्या टोकाला जाऊन एक डोळा मिटून तिच्या रेषेत बघावं लागतं. जमिनीजवळ पाणी जायची भोकं दिसायला हवीत. बऱ्याच ठिकाणी ती नसतात. कुंपणाच्या भिंतीला भोकं कशाला, असं विचारलं जातं.